मुदत फक्त पोरांनाच का?

"शिष्यवृत्ती अर्जासाठी पुन्हा मुदतवाढ."

ही बातमी आम्ही पत्रकार दरवर्षी लावतो. जुनी काढायची, तारीख बदलायची, लावून टाकायची. खाली ठरलेलं वाक्य असतंच : विहित मुदतीत अर्ज न केल्यास सर्वस्वी विद्यार्थी जबाबदार राहील.

इतकी वर्षं चंद्रपूर-गडचिरोलीत बातमीदारी करतोय, पण याच्या जोडीची दुसरी बातमी अजून लावायला मिळाली नाही. "अमुक तारखेपर्यंत शिष्यवृत्ती खात्यात जमा होईल, न झाल्यास सर्वस्वी शासन जबाबदार राहील." अशी प्रेसनोट तुम्ही कधी वाचली का? मी नाही वाचली.

आजची पोस्ट यावरच आहे. लांब आहे. पण ज्याच्या घरात कॉलेजात जाणारं लेकरू आहे, त्याने शेवटपर्यंत वाचा.

आधी एक गोष्ट साफ करू. कॉलेजच्या खिडकीवर हमखास ऐकू येणारं वाक्य आहे, "तुम्हाला काय, तुमचं तर सगळं फुकटच." शिष्यवृत्ती म्हणजे सरकारने टाकलेली भीक, असा समज अजून गेला नाही. जरा इतिहास बघा. 1942 मध्ये व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या तक्रारींचं निवेदन लिहून दिलं. त्यात शिक्षणासाठी सरकारने पैसा द्यावा ही मागणी होती. ती लावून धरल्यावर 1944 पासून मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. आज 'भारत सरकार शिष्यवृत्ती' म्हणून आपली पोरं जो फॉर्म भरतात, त्याचं मूळ तिथे आहे. हे मागून घेतलेलं, भांडून घेतलेलं आहे.

आणि शिष्यवृत्ती थांबली की काय होतं, हे बाबासाहेबांइतकं कोणाला माहीत होतं? बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते 1913 मध्ये अमेरिकेला गेले, पुढे लंडनला. 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परत यावं लागलं. पुन्हा लंडन गाठायला 1920 उजाडलं. एवढ्या मोठ्या बुद्धीच्या माणसाची तीन वर्षं पैशाअभावी गेली. 16 ऑक्टोबर 1956 ला याच माणसाने आपल्या चांद्यात येऊन दीक्षा दिली. दरवर्षी आपण तिथे जातो, फुलं वाहतो. त्याच शहरातल्या कॉलेजांत आज पोरं शिष्यवृत्ती अडकली म्हणून फीच्या खिडकीवर मान खाली घालून उभी असतात.

आता फॉर्म कसा भरला जातो ते बघू. मंत्रालयात बसून ज्यांनी ही पद्धत ठरवली, त्यांच्यासाठी मुद्दाम सविस्तर लिहितो.

समजा, पोरगी भामरागड तालुक्यातल्या एखाद्या गावची आहे. बारावी झाली, चंद्रपूरला किंवा गडचिरोलीला बी.एस्सी.ला नंबर लागला. महाडीबीटीवर अर्ज करायचा. त्याला आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. मोबाइल बापाकडे. बाप गावात. गावात रेंज नाही. बापाला निरोप द्यायचा, त्याने रेंज मिळेल त्या टेकडीवर किंवा रोडवर यायचं, आणि ओटीपी येईल तेव्हा फोन करून सांगायचा. तोवर इकडे नेट कॅफेवाल्याच्या स्क्रीनवर वेळ संपलेली असते. पुन्हा पहिल्यापासून.

त्यानंतर कागद. उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा, तोही चालू वर्षाचा. जातीचा दाखला. कित्येक कोर्सला जात पडताळणी. रहिवासी दाखला. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं शपथपत्र. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जमातीला 1950 च्या आधीचा पुरावा, ओबीसीला 1967 च्या आधीचा. ज्या माडिया गावात शाळाच उशिरा पोचली, तिथे आजोबाचा दाखल-खारीज उतारा आणायचा कुठून? जिवतीच्या पहाडावर जा, तिथल्या लोकांना विचारा. दाखल्यापायी किती चपला झिजल्या ते सांगतील.

आणि हे सगळं कधी? जून ते सप्टेंबर. म्हणजे आपल्याकडे रोवणीचे दिवस. घरातला प्रत्येक हात बांधीत असतो, आणि हातातला होता-नव्हता पैसा खतबियाण्यात गेलेला असतो. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद, हे आपण वर्षानुवर्षं बघतोय. पण पोर्टलची शेवटची तारीख पूर बघून ठरत नाही.

समजा, इतकं करून फॉर्म गेला. मग तो कॉलेजच्या लॉगिनवर जातो. तिथून प्रकल्प कार्यालय किंवा समाज कल्याणच्या लॉगिनवर. कुठेतरी बसून कोणीतरी 'सेंड बॅक' करतो. कारण? आधारवर आडनाव इंग्रजीत 'व्ही' ने आहे, मार्कलिस्टवर 'डब्ल्यू' ने. मडावी तीच, बाप तोच, गाव तेच. एका अक्षरासाठी फॉर्म माघारी. फॉर्म परत आलाय हे पोरीला कळतं कसं? तिने स्वतः लॉगिन करून बघितलं तर. नाही बघितलं तर मुदत संपली, वर्ष गेलं.

समजा, तेही पार पडलं आणि अर्ज मंजूर झाला. पैसा आधार जोडलेल्या खात्यात जातो. कोणत्या खात्यात? शेवटी जे खातं आधारशी जोडलं गेलं त्यात. कधीतरी सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलेलं असतं, ते पोराच्या लक्षातही नसतं. पैसा तिकडे. इकडे पोरगा बँकेत जाऊन पासबुक छापतो आणि म्हणतो, "अजून नाही आले जी."

आता मुख्य मुद्द्यावर येतो.

अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा 60 टक्के, राज्याचा 40. आधी राज्याने आपला वाटा टाकायचा, मग केंद्राचा येतो. दोन्ही वेगवेगळ्या वेळी, विद्यार्थ्याच्या खात्यात. आणि पैसे आल्यावर विद्यार्थ्याने कॉलेजची फी किती दिवसांत भरायची? सात दिवसांत.

पुन्हा वाचा. एकोणीस वर्षांच्या पोराला सात दिवस. आणि राज्य सरकारला आपले 40 टक्के टाकायला किती दिवस? जमेल तेव्हा. केंद्राला? राज्याने टाकल्यावर, जमेल तेव्हा. कॉलेजला फॉर्म पुढे पाठवायला? बाबू रजेवरून आल्यावर.

या अख्ख्या साखळीत ज्याच्याकडे सर्वात कमी पैसा, सर्वात कमी माहिती आणि सर्वात कमी ओळखी आहेत, त्या एकट्याला तारीख आहे. बाकी सगळे मोकळे. यालाच मी अन्याय म्हणतो. पैसा कमी आहे हा वेगळा वाद. इथे सरकारचा उशीर पोराच्या डोक्यावर टाकला जातो, आणि त्याचं व्याज पोराचा बाप भरतो.

व्याज हा शब्द मी उगाच वापरत नाही. हिशेब करा. कॉलेज म्हणालं, "शिष्यवृत्ती आली की परत देऊ, आता 15 हजार भरा." बापाने ते शेकडा 3 रुपये महिन्याने उचलले. महिन्याला 450 रुपये व्याज. शिष्यवृत्ती दीड वर्षाने आली. 18 महिन्यांचं व्याज 8 हजार 100. म्हणजे 15 हजारांच्या मदतीसाठी घरातून 8 हजार गेले. ही मदत झाली की सावकाराची सोय?

आता म्हणाल, कॉलेजने फी घ्यायलाच नको. बरोबर. अनुसूचित जातीच्या योजनेच्या केंद्राच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांत फ्रीशिप कार्डाची तरतूद आहे, म्हणजे गरीब विद्यार्थ्याला प्रवेशाच्या वेळी फी भरावी लागू नये. व्यावसायिक कोर्सला जाणाऱ्या, 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी माफ करणारा राज्याचा निर्णय जुलै 2024 चा आहे. मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायची नाहीत, असं यूजीसीने 2018 मध्येच अधिसूचना काढून सांगितलंय. कागदावर सगळं आहे. पण हे कागद खिडकीवर चालत नाहीत. तिथे एकच वाक्य चालतं : "आधी भरा, नाहीतर हॉलतिकीट मिळणार नाही." किंवा "टीसी पाहिजे का? मग मागची बाकी क्लिअर करा." बाकी कोणाची? सरकारची. अडवलं कोणाला? पोराला.

माझ्याकडे असे पोरं-पोरी येतात. एका मुलीचं सांगतो. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण तिला अजून तिथूनच कागद काढायचे आहेत. नर्सिंगचं शिक्षण झालं, नोकरीचा कॉल आला, पण मूळ कागद कॉलेजात अडकले. दोन वर्षांची शिष्यवृत्ती शासनाकडून आली नव्हती. ती मला म्हणाली, "सर, नोकरी लागली असती तर मीच भरून दिले असते ना जी." यावर काय उत्तर देणार? कर्ज फेडता येऊ नये अशी व्यवस्था करून कर्ज मागणारी ही पद्धत आहे.

कॉलेजवाल्यांचीही बाजू आहे, ती लपवत नाही. विनाअनुदानित कॉलेजांचे पैसे शासनाकडे अडकतात, मास्तरांचे पगार थकतात. हे खरं आहे. पण मग भांडण कोणाशी करायचं? शासनाशी. मंत्र्याच्या सत्काराला हार घेऊन जाणारे संस्थाचालक थकबाकीसाठी त्याच मंत्र्याच्या दारात बसलेले मी तरी क्वचितच बघितले. पोराला खिडकीवर अडवणं सोपं पडतं.

आणि हे सगळं भांडण किती रकमेचं? बी.ए.ला असलेल्या, घरून ये-जा करणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला निर्वाह भत्ता वर्षाला 3 हजार. 365 दिवसांनी भागा. दिवसाला आठ रुपये आणि काही पैसे. आपल्याकडे आठ रुपयांत खर्राही येत नाही. अनुसूचित जमातीच्या योजनेत 2010 मध्ये ठरलेला दर याच गटाला महिना 300 रुपये. उत्पन्नाची अट अडीच लाख. म्हणजे महिन्याला 20 हजार 833. नवरा थर्मलमध्ये ठेकेदाराकडे आणि बायको अंगणवाडीत असली की घर या रेषेच्या वर. ईडब्ल्यूएस आणि क्रीमी लेयरची रेषा 8 लाखांवर, आणि आदिवासी-दलित पोराच्या भत्त्याची अडीच लाखांवर. हे कोणत्या गणितात बसतं, कोणी सांगेल का?

मग लोक म्हणतात, "पण घोटाळे होतात ना भाऊ, तपासणी नको का?"

पाहिजे. नक्की पाहिजे. शिष्यवृत्ती घोटाळ्यात आपल्याच गडचिरोलीचं नाव राज्यभर गाजलं, ते मी विसरलो नाही. 2014-15 ची गोष्ट. कागदावर कोर्स, कागदावर विद्यार्थी, आणि शिष्यवृत्ती संस्थेच्या घशात. कित्येक पोरांना आपलं नाव कुठल्या कॉलेजात आहे हेच माहीत नव्हतं. अधिकाऱ्यांना अटका झाल्या. पुढे राज्यभराच्या तपासासाठी वरिष्ठ पोलीस अधिकारी के. व्यंकटेशम यांच्या अध्यक्षतेखाली विशेष पथक नेमावं लागलं.

चोरी कोणी केली? संस्थाचालक, दलाल आणि त्यांना सामील अधिकाऱ्यांनी. आणि त्यानंतर पुरावे कोणाकडून मागायला लागले? पोरांकडून. आधार द्या, अंगठा द्या, ओटीपी द्या, दाखला द्या, पुन्हा द्या. घर फोडलं चोराने आणि झडती घरमालकाची. तपासणी करायची तर संस्थेची करा. वर्गात जाऊन डोकी मोजा. लायब्ररी बघा, मास्तर बघा. पोराच्या आडनावातला 'डब्ल्यू' तपासून घोटाळा सापडत नसतो.

दुसरं उत्तर तयार असतं, "यंत्रणेवर ताण आहे, तांत्रिक अडचणी आहेत."

हे उत्तर 2024 नंतर देता येणार नाही. 28 जून 2024 ला अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना जाहीर झाली. जुलैत अर्ज सुरू झाले. ऑगस्टच्या मध्यात, रक्षाबंधनाच्या आधी, दोन हप्त्यांचे 3 हजार बायांच्या खात्यात पडायला लागले. तेच आधार, त्याच बँका, तेच तलाठी, त्याच अंगणवाडी ताई, तीच रेंज नसलेली गावं. दोन महिन्यांच्या आत लाखो खात्यांत पैसा पोचला. चांगलं झालं, बायांना पैसे मिळाले याचा मला आनंदच आहे. पण यंत्रणेला जमतं, हे त्या ऑगस्टमध्ये सिद्ध झालं. मग शिष्यवृत्तीला वर्ष-दीड वर्ष का? उत्तर सरळ आहे. कॉलेजच्या पोरांचा हप्ता थकला म्हणून कोणाचं सरकार पडत नाही.

आणि पुढचं ऐका. मे 2025 मध्ये याच लाडक्या बहिणीच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे 335 कोटींहून जास्त वळवले गेले. खुद्द सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. सरकारचं म्हणणं असं की त्या त्या प्रवर्गातल्या बहिणींसाठीच तो पैसा गेला. असेल. पण ज्या विभागांकडे पोरांची शिष्यवृत्ती, वसतिगृहं, स्वाधार, स्वयंम या योजना आहेत, त्याच विभागांच्या तिजोरीत हात घालायचा? आईच्या खात्यात टाकायचे पैसे लेकीच्या दप्तरातून काढायचे?

एक उदाहरण बाहेरचं देतो. 2024 मध्ये उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका दलित मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत सीट मिळाली. फी 17 हजार 500. गावातून गोळा करेपर्यंत ऑनलाइन भरण्याची वेळ संपली आणि सीट गेली. पोरगा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या खंडपीठाने विशेष अधिकार वापरून त्याला प्रवेश द्यायला लावला. देशाने टाळ्या वाजवल्या. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या नाहीत. 17 हजार 500 रुपयांसाठी देशातल्या सर्वात मोठ्या कोर्टाला विशेष अधिकार वापरावा लागतो, यात अभिमानाचं काय? आणि कोरचीच्या, सिरोंच्याच्या, गोंडपिपरीच्या पोराने काय करायचं? दिल्लीचं तिकीट काढायचं?

नुसतं रडगाणं गायला ही पोस्ट लिहिली नाही. चार मागण्या आहेत, आणि चारही आजच्या कायद्यात, आजच्या पैशात होण्यासारख्या आहेत.

एक. महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा 2015 पासून आहे. ठरलेल्या दिवसांत सेवा दिली नाही तर अधिकाऱ्याला 500 ते 5 हजार रुपये दंड होऊ शकतो. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा कॉलेजपासून खात्यापर्यंतचा प्रत्येक टप्पा या कायद्याखाली आणा. पोराला सात दिवस देता ना? मग प्रत्येक लॉगिनलाही दिवस मोजून द्या.

दोन. चंद्रपूरला कोळसा आहे, गडचिरोलीला सुरजागडचं लोखंड आहे. दोन्ही जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी जमा होतो आणि शिक्षण हा त्या निधीचा प्राधान्याचा विषय आहे. त्यातून एक फिरता निधी उभा करा. पोराचा अर्ज पात्र ठरला की फी या निधीतून लगेच कॉलेजला, आणि शिष्यवृत्ती आली की ती निधीत परत. पैसा बुडत नाही, फक्त वाट पोराऐवजी जिल्हा बघतो. आपल्या जमिनीखालचं खनिज ट्रकने बाहेर जातं, त्यातून आपल्या लेकराची फी आगाऊ भरता येत नाही का?

तीन. शासनाची थकबाकी विद्यार्थ्याच्या नावावर दाखवून हॉलतिकीट, टीसी, मार्कलिस्ट अडवणाऱ्या कॉलेजवर गोंडवाना विद्यापीठाने कारवाई करावी. 2011 मध्ये हे विद्यापीठ या दोन जिल्ह्यांतल्या पोरांसाठीच वेगळं झालं. तक्रारीसाठी एक फोन नंबर आणि एक जबाबदार माणूस, एवढी सुरुवात तरी करा.

चार. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये प्रत्येक तालुक्यात कॉलेज, सेतू, बँक आणि प्रकल्प कार्यालय एका छताखाली आणून फॉर्मची शिबिरं घ्या. मतदार नोंदणीला गावात येता, तसे फॉर्मलाही या.

आता पोरांनो, तुमच्यासाठी. हे लिहून ठेवा.

अर्ज भरला की अर्ज क्रमांक आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा. दर आठवड्याला लॉगिन करून 'सेंड बॅक' झालाय का बघा, कोणी फोन करून सांगणार नाही. आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते बँकेत विचारून खात्री करा. कॉलेजने फी मागितली की तोंडी भांडू नका. "मी शिष्यवृत्तीस पात्र आहे, अर्ज क्रमांक अमुक, माझ्याकडून कोणत्या नियमाने फी मागता ते लेखी द्या" असा अर्ज द्या आणि पोचवर सही-शिक्का घ्या. लेखी मागितलं की खिडकीवरचा आवाज बराच खाली येतो. अर्ज कुठे अडकला ते कळत नसेल तर माहिती अधिकार आहे. 10 रुपयांचं तिकीट, बीपीएलला तेही नाही, 30 दिवसांत उत्तर. तुमची फाइल कोणत्या टेबलावर किती दिवस होती, एवढंच विचारा.

आणि मोठ्यांनो, तुमच्यासाठी. पुढच्या वेळी कोणी पुढारी मत मागायला किंवा गुणवंतांच्या सत्काराला शाल-श्रीफळ घेऊन आला, की एकच प्रश्न विचारा. "भाऊ, मागच्या वर्षीची शिष्यवृत्ती कोणत्या तारखेला जमा होणार?" रस्ते, नाल्या, सभागृह नंतर. आधी तारीख सांगा म्हणावं.

ज्यांची शिष्यवृत्ती अडकली आहे त्यांनी कमेंटमध्ये एवढंच लिहा : तालुका, कोर्स, कोणत्या वर्षाची रक्कम आणि किती महिने झाले. स्वतःचं किंवा कॉलेजचं नाव लिहू नका, उगाच त्रास होईल. मी सगळ्याची यादी करतो आणि दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांना, प्रकल्प कार्यालयांना आणि समाज कल्याणला लेखी देतो. पोचपावतीचा फोटो इथेच टाकेन. आणि त्यांनी उत्तर कधीपर्यंत द्यायचं, ती तारीख यावेळी आपण लिहू.

सात दिवस.